देवीला शिवायचं नाही

कऱ्हाडला गाडी बदलली, विट्याच्या एसटीत खिडकीजवळ जागा मिळाली आणि मी पिशवीतून पुस्तक काढलं. पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर होतं. ही माझी शाळेपासूनची सवय आहे. आमच्या घरात स्वतःचं म्हणावं असं पुस्तक नव्हतंच, जे यायचं ते दुसऱ्याचं यायचं. म्हणून आधी कव्हर, मग वाचन. दर शनिवारी मी साताऱ्याहून गावी जाते; त्या शनिवारी पिशवीत दोन पुस्तकं होती आणि दोन्हींना एकाच रविवारच्या पुरवणीचं कव्हर होतं. एक साताऱ्याच्या वाचनालयातून आणलेला भयकथांचा संग्रह. दुसरं मी शिकवते त्या शाळेतल्या मोठ्या बाईंनी दिलेलं, स्वमग्नतेवरचं. पुढच्या वर्षी आपल्याकडे अशी एक मुलगी येणार आहे, वाचून ठेवा, असं त्या म्हणाल्या होत्या.

खूण म्हणून दोन्हींत एसटीची जुनी तिकिटं घातली होती. तिकीट होतं तिथे मी उघडलं आणि वाचायला लागले. एक मुलगी होती. नावानं हाक मारली तर ती मान वळवत नसे. कोपऱ्यात बसून डोळ्यांसमोर बोटं हलवत राही. तिला काही विचारलं की विचारणाऱ्याचेच शब्द ती परत देई, कधी कधी हुबेहूब त्याच्याच आवाजात. कुणी नकळत खांद्यावर हात ठेवला तर सगळं घर गोळा होईल अशी किंचाळे. माझ्या अंगावर काटा आला. भयकथा वाचताना काटा आला की आतून एक बरंही वाटतं, तेही वाटलं. लिहिणाऱ्याला जमलंय, असं मनात म्हणून मी पान उलटलं. पुढच्या पानावर एक चौकट होती आणि तिच्यात लिहिलं होतं की पालकांनी घाबरून जाऊ नये.

मी दुसरंच पुस्तक उघडलं होतं.

गाडी कडेगावच्या अलीकडे उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकली होती. मी पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं, त्याच दोन पानांवरून परत गेले. कारण त्या मुलीला मी ओळखत होते. ती माझी धाकटी बहीण होती.

तिला घरात सगळे बाळी म्हणतात. आज ती विशीत आहे. लहानपणी ती उशिरा बोलायला लागली आणि बोलली तीही आमचीच वाक्यं. "बाळी, जेवतीस का?" म्हटलं की "बाळी, जेवतीस का?" म्हणायची आणि ताटावर बसायची. या सगळ्याचं आम्हाला फार काही वाटत नव्हतं. त्रास होता तो केसांचा. आई फणी घेऊन बसली की बाळी ओरडून घर डोक्यावर घ्यायची. आई तिला दोन्ही गुडघ्यांत दाबून धरायची, मी हात धरायची, आणि शेजारीण कुडावरून विचारायची, "डुक्कर कापताय का काय गं?" पुढे पुढे आई कंटाळली. एक दिवस राहिलं, मग चार दिवस राहिलं. तिच्या मानेवर केसांचा एक गठ्ठा जमला आणि तो माझ्या थोरल्या चुलतीनं पाहिला.

काकूनं फणी आईच्या हातातून काढून घेतली. तिनं हळद-कुंकू आणलं, त्या गठ्ठ्याला लावलं आणि हात जोडले. बाळीला जट आली होती. आमच्या भागात जट म्हणजे देवीचं बोलावणं. तिला कात्री लावायची नाही, फणी लावायची नाही. पूर्वी अशा पोरी देवीला सोडत; ते आता बंद झालंय, कायद्याची भीती आहे. पण जटेची भीती कायद्याहून जुनी आहे. आणि खरी गोष्ट अशी की त्या दिवसापासून बाळी शांत झाली. ओरडणं थांबलं. काकू गावभर सांगत फिरली, की देवीनं नुसती खूण दिली आणि पोरीचं रडं नेलं. याहून मोठा पुरावा आम्हाला तरी कुठला हवा होता?

मग माणसं यायला लागली. मंगळवारी, शुक्रवारी. पायावर डोकं ठेवायची, पाय धरून विचारायची, "माझ्या लेकाचं लगीन हुईल?" बाळी म्हणायची, "लेकाचं लगीन हुईल." माणूस समाधानानं उठायचा. पाचसात जणांनी पाय धरले की तिचं अंग थरथरायचं, मान मागे जायची आणि ती किंचाळायची. मग सगळे एका आवाजात, "आई उदे गं अंबाबाई." अंगात आलं म्हणायचे. मीही हात जोडून उभी असायची. मी या घरातली पहिली पदवीधर. सकाळची कॉलेजची गाडी चुकू नये म्हणून माझ्या वाटणीचं धारापाणी वर्षानुवर्षं काकूनं केलं. तिची देवी खोटी आहे असं म्हणायला माझी जीभ वळली नसती आणि खरं सांगायचं तर तसं वाटतही नव्हतं.

यंदा काकूनं ठरवलं होतं की घटाला बाळीची गादी मांडायची. अंगणात पत्र्याची शेड उभी राहिली होती. मिरजेच्या पलीकडची, चौंडकं वाजवून देवीची गाणी म्हणणारी माणसं सांगितली होती. नऊ दिवस तिनं पिवळं लुगडं नेसून गादीवर बसायचं, सूर्य उगवल्यापासून दिवेलागणीपर्यंत, आणि ज्याला त्याला पाय द्यायचे.

त्या शनिवारी घरी पोचले तेव्हा मला शेडकडे बघवेना. बाळी नेहमीसारखी तिच्या कोपऱ्यात होती. मी तिच्यापासून थोडी लांब बसले आणि आता खरंच भयकथांचं पुस्तक उघडलं, डोकं दुसरीकडे जावं म्हणून. जी कथा अर्धी राहिली होती तीत माडीवरच्या खोलीत एक मुलगी असते. ती भिंतीशी बोलते, परक्या आवाजात उत्तरं देते. घरचे मांत्रिक आणतात, तिला खाटेला बांधतात. आठवडाभर मी मनातून मांत्रिकाच्या बाजूनं होते, सुटो एकदाचं घर असं म्हणत होते. शेवटच्या पानावर मुलगी गप्प होते. घर शांत झालं, या वाक्यावर कथा संपते. पूर्वी असा शेवट वाचून मी सुटकेचा श्वास टाकला असता. त्या दिवशी मी पानं मागे उलटत गेले. एवढ्या पानांत एकदाही कुणी त्या मुलीला काय होतंय हे विचारलं नव्हतं. लिहिणाऱ्यानं नाही आणि वाचताना मीही नाही.

दुसऱ्या दिवशी आई आणि काकू सोप्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. मी स्वमग्नतेचं पुस्तक घेऊन त्यांच्यात जाऊन बसले.

"काय आणलंस? भुताचंच आसंल," काकू म्हणाली.

"न्हाई, बाळीचं हाय."

"आमच्या बाळीचं पुस्तक निघालं? फोटू हाय का?"

मी वाचायला लागले. हाकेला मान न वळवणं. "व्हय," काकू म्हणाली. बोटं हलवणं. "व्हय, आगदी आसंच." आपलेच शब्द परत येणं. काकूनं शेंगा खाली ठेवल्या आणि आईकडे बघून मान डोलावली. "मग मी इतकी वर्सं काय सांगतीया? आता शिकल्याल्या मानसानं लिवलंय म्हंजे ह्या मास्तरणीचा इस्वास बसंल."

"काकू, ह्यात देवीचं नाव न्हाई. मेंदूचं लिहिलंय. सगळ्यांचे मेंदू एकसारखे नसतात म्हणे. कुणाचा असा, कुणाचा तसा. हा आजार नव्हं, वेगळी घडण."

"मग देवी कुठं बसती म्हनं? गुडघ्यात?"

आई हसली. मलाही हसू आलं. पण पुढचा भाग मला वाचायचाच होता. अशा काही माणसांना साधा स्पर्शही सोसत नाही, केस विंचरणं, नखं काढणं त्यांना खरोखर दुखतं, तो हट्ट नसतो, असं तिथे होतं.

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. "परत वाच," ती म्हणाली. मी परत वाचलं.

"दुखत हुतं व्हय गं तिला?"

मी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"मला वाटायचं लाडानं कराय लागलीया. मी गुडघ्यात दाबून धरायची."

"म्हनून तर देवी आली," काकू म्हणाली. "जट आली तशी पोरगी गप झाली का न्हाई? सांग तूच."

"फणी थांबली म्हनून गप झाली, आक्का," आई म्हणाली.

काकूनं सूप झटकलं. शेंगांची टरफलं अंगणात उडाली. मग आईनं हळूच विचारलं, "मग मंगळवारी मानसं पाय धरत्यात तवा ती वरडती, ते..." आणि वाक्य तिथेच सोडलं. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. तिचा चेहरा मात्र असा झाला होता की मी दुसरीकडे बघितलं.

काकू उठून म्हशीकडे गेली. मी तिच्यामागे जायला निघाले तर आईनं हात धरला. "तुला पोरगी वाचवायची हाय का काकूला हरवायचं हाय?" असं म्हणून ती स्वतः गोठ्याकडे गेली. मी दारात उभी राहून ऐकत होते.

"आक्का, देवळात गाभाऱ्यात सगळ्यांना सोडत्यात का?"

"कशाला सोडतील?"

"मग हितंच का? समदं गाव देवीचं पाय चिवळतंय. कुणाचं कसलं हात, कुणी कुठनं आलेलं."

काकू बराच वेळ धार काढत राहिली. मग म्हणाली, "त्ये खरं हाय. सोवळं पायजे."

मला धक्का बसला तो आईचा. साताऱ्याहून मी पुस्तक आणलं होतं. तिनं ते एका वाक्यात काकूच्या भाषेत आणून ठेवलं. आई बोलली ते खोटं होतं का खरं, हे मला त्या दिवशी कळलं नाही, अजूनही नीट कळलेलं नाही.

मी सोमवार-मंगळवारची रजा टाकली. मंगळवारी सकाळी काकूनं उंबऱ्याच्या आत रांगोळीची रेघ ओढली आणि काठी घेऊन स्वतः रेघेवर उभी राहिली. "लांबनं. लांबनं म्हनलं न्हवं? देवीला शिवायचं न्हाई."

"आवं, गेल्या मंगळवारी तर पाय धरलं हुतं मी," खालच्या आळीतले एक म्हातारबाबा म्हणाले.

"गेल्या मंगळवारी पाप केलंसा. आता लांबनं."

माणसं रेघेशी डोकं टेकत होती. बाळी आपल्या जागी बसली होती. छपराच्या पत्र्यातल्या भोकातून उन्हाचा एक कवडसा तिच्यासमोर पडला होता, त्यात ती बोटं हलवत होती. कुणी विचारलं तर हळू आवाजात परत बोलत होती, नाहीतर नाही. मध्येच एकदा स्वतःशीच हसली. मान मागे गेली नाही. अंग थरथरलं नाही. दुपार झाली तरी ती किंचाळली नाही. एवढ्या लोकांत इतका वेळ शांत बसलेली बाळी मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

आणि माणसं नाराज झाली. आधी कुजबुज झाली, मग एक बाई सरळच म्हणाली, "आज काय राम न्हाई. आईच्या अंगात येईना." दुसरी म्हणाली, "वरडली तर कायतरी खरं वाटतं बगा." ही सगळी आमची चांगली माणसं. मी पदवीधर झाले तेव्हा यांनीच घरी येऊन माझी ओटी भरली होती. तीच त्या पोरीच्या किंकाळीची वाट बघत बसली होती आणि ती आली नाही म्हणून उठून जात होती. मला त्यांचा राग यायला हवा होता. पण मला आठवली माझी खिडकीजवळची जागा. दर शनिवारी मीही कुणाच्या तरी किंकाळीसाठीच पान उलटत होते.

पुढच्या मंगळवारी निम्मी माणसं आली. त्याच्या पुढच्या शुक्रवारी, आई फोनवर म्हणाली, कुणीच आलं नाही. चौंडकंवाल्यांना काकूनंच नको म्हणून कळवलं. घट बसले तेव्हा देव्हाऱ्यापुढे नेहमीसारखी माळ चढली, शेडमध्ये मात्र गादी नव्हती.

मी नवरात्रात घरी गेले तेव्हा काकू अंथरुणाला धरून होती. उपास होते, पण उपासाचंही खात नव्हती. मी शेजारी बसले तर तिनं तोंड फिरवलं.

"देवी गेली," ती म्हणाली. "तुमी दोघींनी घालवली."

"काकू, बाळी किती शांत हाय बघा की आता."

"शांत." ती उठून बसली. "आगं, देवी हुती तवा गाव तिच्या पाया पडत हुतं. आता येडी म्हंतील. पोरं धोंडं मारतील. मी न्हाई म्हंजे कोन बघनार तिला? तुझं पुस्तक ह्या गावात वाचलंय कोन?"

आमच्या गावात अशा माणसाला दोनच जागा होत्या, देवी नाहीतर येडी. काकूला मूल नाही. बाळीला तिनं स्वतःच्या लेकीसारखी सांभाळली आणि दोन जागांतली त्यातल्या त्यात बरी जागा तिला मिळवून दिली होती. मी ती काढून घेतली होती, आणि पुस्तकात सांगितलेली तिसरी जागा गावात कुठे आहे ते मला दाखवता येत नव्हतं.

दसऱ्यानंतर आम्ही बाळीला मिरजेला नेलं. रिक्षात ती दोन्ही कानांवर हात दाबून बसली होती. तिथल्या डॉक्टर बाईंनी तिला हात लावला नाही. त्या फरशीवर बसल्या, लांब, आणि बराच वेळ नुसतं तिच्याकडे बघत राहिल्या, आईला विचारत राहिल्या. त्यांनी स्वमग्नताच सांगितली. जटेखाली मानेला जखमा झाल्यात, वजनानं मान दुखत असणार, असंही म्हणाल्या. मी लगेच म्हटलं, कापून टाकतो. त्या म्हणाल्या, "तिला विचारलंत?"

"ती विचारलेलंच परत बोलते."

"बोलायला लावू नका. वस्तू समोर ठेवा. ती काय करते ते बघा आणि ती करेल ते मान्य करा."

घरी आलो तर काकूनं आपलं ठरवून टाकलं होतं. देवी गेली, आता जट ठेवण्यात अर्थ नाही. अमावास्येला उतरवायची आणि सांगलीला नेऊन कृष्णेत सोडायची. तीन बायका धरायला सांगितल्या होत्या. माझी अवस्था विचित्र झाली. जट जावी हे मला हवं होतं, डॉक्टरांना हवं होतं, आता काकूलाही हवं होतं. फक्त ज्या गुडघ्यांतून बाळी सुटली होती तसेच आणखी गुडघे तयार झाले होते.

"धरायचं न्हाई," आई म्हणाली. "कुणीबी."

"मग जट काय आपनहून गळून पडंल?" काकू म्हणाली.

मी बाळीसमोर दोन वस्तू ठेवल्या. माझी एक जुनी मऊ ओढणी, ती जटेवर बांधून घ्यायची आणि जट तशीच राहू द्यायची. आणि शिवणाच्या डब्यातली मोठी कात्री. आईनं एकदम श्वास ओढला. आमच्या घरात बाळीच्या हाताला लागेल असं धारेचं काही ठेवायचं नाही, हा नियम होता. विळी उंच, सुरी उंच, कात्री ट्रंकेत. अंगात येणाऱ्या माणसाच्या हातात लोखंड द्यायचं नाही म्हणतात. त्यामुळे या पोरीनं वीस वर्षांत कात्री हातात धरलेली नव्हती.

मी काही विचारलं नाही. मागे सरकून भिंतीला टेकून बसले. सकाळची वेळ होती, बाहेर कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर गाणी लागली होती. बाळीनं दोन्ही वस्तूंकडे बघितलंच नाही असं वाटलं. ती बोटं हलवत राहिली. काकू पुटपुटली, "बगा, तिला काय कळतंय." मग बाळीनं ओढणी उचलली. माझा जीव खाली पडला आणि थोडं वाईटही वाटलं. तिनं ती ओढणी मांडीवर पसरली, कडा सारख्या केल्या, आणि कात्री घेतली.

तिला ती धरता येईना. दोन्ही हातांनी धरली, बोटं चुकीच्या कडीत घातली, काढली, परत घातली. आई उठायला लागली तशी मी तिचा पदर ओढला. बाळीनं कात्री मानेमागे नेली. पहिल्यांदा नुसता करकर आवाज आला. जट म्हणजे साधे केस नसतात, काथ्याच्या दोरखंडासारखा घट्ट जाड गोळा असतो. ती थांबायची, हात खाली घ्यायची, पुन्हा वर न्यायची. तुटलेला प्रत्येक तुकडा ओढणीवर ठेवायची, एकाशेजारी एक, सारख्या अंतरावर. एकदा कात्रीचं टोक मानेला लागलं, रक्ताचा थेंब आला. ती ओरडली नाही. स्वतःच्या हातानं झालेलं तिला सोसत होतं.

आम्ही तिघी भिंतीला टेकून बसून राहिलो. भाकरी झाल्या नाहीत, धारा तटल्या, धरायला सांगितलेल्या बायका दारातून डोकावून परत गेल्या. इतकी वर्षं आम्ही तिला फणीनं छळलं, देवी केली, पाया पडलो, गादी मांडायला निघालो. हिला कात्री द्यावी हे आमच्यापैकी एकीच्याही मनात आलं नव्हतं. मी शिकलेली, मीही त्यांतलीच.

शेवटचा तुकडा ओढणीवर ठेवून तिनं कात्री लांब सरकवली. डोक्यावर वेडेवाकडे बोटभर केस राहिले होते. तिनं तळहात त्यांवरून फिरवला, पुढून मागे, मग मागून पुढे. पुन्हा पुढून मागे. तिच्या तोंडून एक आवाज निघत होता. तो कुणाच्या शब्दांचा नव्हता, आमच्या कुणाच्या आवाजातला नव्हता. मी तो आधी कधी ऐकला नव्हता.

काकू सावकाश उठली. तिनं करंड्यातली हळद आणून ओढणीवरच्या तुकड्यांवर वाहिली, हात जोडले. मग सवयीनं तिचा हात बाळीच्या डोक्याकडे गेला. तिथे पोचायच्या आधी तो थांबला. काकूनं तो मागे घेतला, पदराला पुसला आणि ती बाळीपासून हातभर लांब, जमिनीवर बसली.